कागदावर जुळ्या: सोलापूरच्या एका फुटबॉलपटूच्या दोन जन्मतारखा

वयोगटाच्या राष्ट्रीय संघाकडे जाणाऱ्या वाटेवर एका मुलीची जन्मतारीख कशी आडवी आली, त्याचं हे प्रकरण आहे. कुटुंबाच्या आणि क्लबच्या संमतीने लिहितो आहे. मुलगी, शाळा, क्लब, गाव यांची नावं आणि जन्मवर्ष गाळलं आहे. दोन तारखांमधलं अंतर आणि कागद कोणत्या क्रमाने हाती आले, हे मात्र जसंच्या तसं आहे, कारण सगळा गुंता त्या क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

सोलापुरात मुलींचा फुटबॉल अजून मोजक्या प्रशिक्षकांच्या हट्टावर चालतो. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरले की आख्खी पेठ उठून येते. तिथे फुटबॉल कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे क्रिकेट, कबड्डी, खो-खो यांच्यातून उरलेली जागा फुटबॉलची, आणि त्यातून उरलेली मुलींची. संध्याकाळी अंधार पडेपर्यंत पोरगी मैदानावर राहिली तर काही बिघडत नाही, हे पटवण्यातच प्रशिक्षकाचा अर्धा हंगाम जातो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा हे पटवणं जरा सोपं झालं. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. पण या क्लबमधल्या मुलींच्या लक्षात राहिली ती कर्णधार अस्तम उरांव. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली, मजुरी करणाऱ्या घरातली. तिच्या सन्मानासाठी गावात रस्ता बांधायला घेतला आणि त्याच रस्त्यावर तिचे आई-वडील मजुरीला होते, ही बातमी तेव्हा सगळीकडे फिरली. सोलापूरच्या पूर्वभागातल्या विडी कामगारांच्या घरात ती बातमी वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

आपल्या प्रकरणातली मुलगी अशाच घरातली. वडील यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात. आई घरी विड्या वळते. मांडीवर सूप, शेजारी पान-तंबाखू, आणि तयार माल कारखान्यात नेऊन द्यायची रोजची घाई. घरात बोली कन्नड, बाहेर मराठी. दोन मुली, एकाच वर्गात. धाकटी डाव्या पायाची, डाव्या बगलेवरून पळणारी. सातवीत असताना शालेय स्पर्धेत एका प्रशिक्षकाने तिला पाहिलं आणि क्लबमध्ये घेतलं. या लेखात त्यांना सर म्हणतो, सगळे तसंच म्हणतात.

क्लबमध्ये घेताना फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीसाठी जन्माचा पुरावा लागतो. सरांनी शाळेचा बोनाफाईड मागितला, शाळेने दिला, त्यावरची तारीख नोंदणीत गेली: १ जून. तेव्हा कुणाच्याच मनात काही आलं नाही. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत की ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निवृत्तांची रांग लागते. पहिलीत नाव घालायला आलेल्या आईला तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहायचे. वयही बसायचं, कामही उरकायचं. हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्यावर आपण विनोद करतो आणि पुढे जातो.

अडचण

मुलगी दहावीत गेली. दिवाळी झाल्यावर राज्याच्या निवड चाचणीचं परिपत्रक आलं. चाचणीला जेमतेम तीन आठवडे होते. वयोगटाच्या फुटबॉलमध्ये सीमारेषा जवळपास नेहमीच १ जानेवारीची असते. २०२२ च्या विश्वचषकाला १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली चालत होत्या. २०२६ च्या सतरा वर्षांखालील आशियाई चषकासाठी ती रेषा १ जानेवारी २००९ आहे. प्रशिक्षकांच्या बोलण्यातही ‘अमुक सालची बॅच’ असंच येतं. राज्याच्या संघातून राष्ट्रीय शिबिराला, शिबिरातून आंतरराष्ट्रीय पात्रता फेरीला, असा त्या बॅचचा दोन-तीन वर्षांचा प्रवास असतो. पहिल्या पायरीवर बॅच हुकली की पुढच्या सगळ्या हुकतात.

शाळेच्या तारखेप्रमाणे ही मुलगी त्या रेषेच्या सात महिने आधी जन्मलेली. म्हणजे बाद.

सर घरी सांगायला गेले. ही बॅच गेली, पुढे वरच्या वयोगटात बघू, एवढंच सांगायचं होतं. आई विड्या वळता वळता म्हणाली, “जूनमध्ये कुठं ओ सर? ती तर शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी झाली की.” कुठल्या शिवरात्रीच्या, हे ठरवायला थोरलीचा हिशोब काढावा लागला. थोरली नागपंचमीच्या तोंडावर, सोलापुरातच, सरकारी दवाखान्यात. धाकटी तिच्यानंतर दीड वर्षाने, आईच्या माहेरी, कलबुर्गी जिल्ह्यातल्या एका गावाच्या आरोग्य केंद्रात. तो फेब्रुवारी शाळेतल्या १ जूनच्या नंतरचा होता, जवळपास नऊ महिन्यांनी. म्हणजे खरी तारीख १ जानेवारीच्या पलीकडे पडत होती आणि मुलगी पात्र ठरत होती.

मग थोरलीची शाळेतली तारीख पाहिली. तीही १ जून. त्याच वर्षाची. आईला दोघींना एकाच वेळी शाळेत सोडायचं होतं, म्हणजे कारखान्याची एकच खेप चुकणार. गुरुजींनी दोघींना एकाच ओळीत बसवलं. थोरली कागदावर दहा महिन्यांनी लहान झाली, धाकटी नऊ महिन्यांनी मोठी, आणि दीड वर्षाच्या अंतराच्या बहिणी शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, म्हणजे जनरल रजिस्टरमध्ये, जुळ्या होऊन बसल्या. नऊ वर्षं त्या एका वर्गात शिकल्या, दरवर्षी कॅटलॉगमध्ये खाली-वर नावं आली, आणि कुणाला काही खटकलं नाही.

आता यातली खरी अडचण बघा. वयचोरीचा नमुना काय असतो? निवड तोंडावर आली की खेळाडूच्या वयातले काही महिने कमी होतात, नवा दाखला उगवतो, तो दुसऱ्या राज्यातला किंवा उशिरा नोंदलेला असतो, आणि आई-वडील सांगतात की शाळेने चुकीचं लिहिलं. या घरात जे घडलं होतं ते नेमकं असंच दिसणार होतं. मुलगी खरी होती, पण तिची गोष्ट शब्दशः लबाडांच्या गोष्टीसारखी होती. भर म्हणजे चुकीची तारीख महासंघाच्या नोंदणीत क्लबनेच भरलेली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गप्प बसण्याचा. शाळेची तारीख तशीच ठेवायची, ही बॅच सोडायची, एकोणीस-वीस वर्षांखालच्या गटाची वाट बघायची. यात धोका शून्य. पण सोलापूरसारख्या ठिकाणी दहावीनंतर फुटबॉल खेळत राहणाऱ्या मुली फार थोड्या. बारावी, नर्सिंग, लग्न, कुठलंही एक कारण पुरतं. पुढच्या गटाची वाट बघ म्हणणं सभ्य भाषेत खेळ सोड म्हणणंच होतं, असं सरांचं मत. मला ते थोडं टोकाचं वाटतं, पण अगदी खोटंही नाही.

दुसरा पर्याय एका ओळखीच्या माणसाने सुचवला, न मागता. कर्नाटकात कशाला हेलपाटे घालता, इथलाच जन्म दाखवून नवा दाखला काढू, तारीख तुमची खरीच आहे ना? हा प्रश्न फसवा होता, म्हणून त्यावर थांबतो. तारीख खरी होती. दाखला खोटा असणार होता. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना यात पाप दिसेना. गुरुजींनी खोटी लिहिली ती चालली, मग आपण खरी लिहून घेतली तर काय बिघडलं? या वादाचा निकाल आईने लावला: “मी तिला दोनदा बाळंत झाले नाही. झाली तिथलाच कागद आणायचा.”

कायद्याच्या बाजूनेही तो रस्ता खड्ड्यात नेणारा होता. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. वर्ष उलटून गेलं की आदेशाशिवाय नोंद होत नाही; पूर्वी तो न्यायदंडाधिकाऱ्याचा लागायचा, ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा लागतो. दाखल्यावर जन्मतारखेसोबत नोंदणीची तारीखही छापलेली असते. जन्म पंधरा वर्षांपूर्वीचा आणि नोंदणी गेल्या महिन्यातली, असा कागद निवड समितीपुढे ठेवणं म्हणजे आपणच आपल्यावर बोट दाखवणं. शिवाय एका जन्माच्या दोन राज्यांत दोन नोंदी झाल्या असत्या.

तिसरा पर्याय हाडांच्या चाचणीचा. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडं किती पक्व झाली ते बघायचं आणि त्यावरून वय काढायचं. पालकांना वाटतं, यंत्र आहे, खरं-खोटं करून देईल. तसं होत नाही. टीडब्ल्यू-३ या पद्धतीत मुलींची हाडं साधारण पंधराव्या वर्षी पूर्ण पक्व धरली जातात, मुलांची साडेसोळाला. पंधराच्या उंबरठ्यावरच्या मुलीचा एक्स-रे ‘पक्व’ आला तर त्यातून ती पंधराची की सतराची, काहीच कळत नाही. आणि नऊ महिन्यांचा फरक तर निरोगी मुलींमध्ये निसर्गतःच असतो. फिफा मुलांच्या सतरा वर्षांखालील स्पर्धेत २००९ पासून मनगटाचा एमआरआय वापरते, मुलींच्या स्पर्धेत नाही. मुलींच्या मनगटाची वाढ आधीच पूर्ण होते, हेच कारण. म्हणजे मुलींच्या बाबतीत सगळा भार कागदावर येतो. सरांना हे एका क्ष-किरण तज्ज्ञांनी समजावून सांगितलं आणि तूर्त खर्च करू नका म्हणाले.

चौथा पर्याय लांबचा: मूळ नोंद शोधायची, तिच्यावरून शाळेची तारीख दुरुस्त करायची, मग आधार, मग महासंघाची नोंदणी. आणि हे चालू असताना राज्य संघटनेला स्वतःहून लेखी कळवायचं की आमच्या खेळाडूच्या दोन तारखा आहेत.

काय केलं

आधी पत्र गेलं. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि त्याला क्लबमध्ये विरोध होता. मूळ दाखला हातात नसताना आपणच आपलं उघडं का करायचं? सरांचं म्हणणं असं की दाखला मिळाल्यावर कळवलं तर लोक विचारतील, इतके दिवस कुठे होतात. पत्रात त्यांनी काही मागितलं नाही. नोंदणीत गेलेली तारीख कोणत्या कागदावरून गेली, कुटुंब काय सांगतं, कोणते पुरावे शोधत आहोत आणि निर्णय होईपर्यंत खेळाडूला या वयोगटात उतरवणार नाही, इतकंच लिहिलं. आवक क्रमांक घेतला.

मग आई आणि मामा आरोग्य केंद्रात गेले. सोलापूरहून कलबुर्गी रेल्वेने जवळ, पण गावापर्यंत पोचायला पुढे जीप बघावी लागते, आणि एका दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. नोंद सापडली. जन्मानंतर आठवड्याभरातच झालेली. आई-वडिलांची नावं, मुलगी, तारीख शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसाची. मुलीच्या नावाचा रकाना मात्र रिकामा. बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली होती आणि नंतर नाव घालायला कुणी गेलं नव्हतं.

बिननावाचा दाखला कुणाचाही असू शकतो, निदान निवड समितीला तसं म्हणता येतं. नाव घालता येतं, त्याला मुदत असते: पहिल्या वर्षात विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत. मुलीला चौदा वर्षं नऊ महिने झालेले. तीन महिने उशीर झाला असता तर याच नोंदीसाठी निराळाच झगडा करावा लागला असता. घरातल्या कुणालाही या मुदतीची कल्पना नव्हती, सरांनाही नव्हती. ती नोंदणीच्या टेबलावरच्या कारकुनाने सांगितली.

नाव घालायला ही नोंद याच मुलीची, हे दाखवावं लागलं. इथे दोन जुने कागद कामाला आले. लसीकरणाचं कार्ड, जे आईने विडी कामगाराच्या ओळखपत्रासोबत पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. त्यावर पहिल्या डोसांच्या तारखा आणि नंतरच्या पानावर मुलीचं नाव. आणि केंद्राच्या वहीतली जननी सुरक्षा योजनेच्या पैशांची नोंद, बाळंतपणाच्या तारखेसह. वडिलांचं नाव कन्नड वळणाने एका अक्षराने वेगळं पडलं होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

आता शाळा. दहावीचे अर्ज भरले जात होते. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख बदलायची तर मुलगी शाळेत शिकत असतानाच, मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा तारीख छापून आली की पासपोर्टपासून नोकरीपर्यंत सगळीकडे तीच चालते. मुख्याध्यापक नाराज होते, आणि त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. ऐन अर्जाच्या धांदलीत रजिस्टर उघडायचं, सरल आणि यू-डायस या सरकारी संगणक नोंदींमधली माहिती बदलायची, वर अधिकाऱ्यांनी विचारलं की नऊ वर्षं काय करत होतात, तर उत्तर त्यांनीच द्यायचं. त्यांनी आधी धाकटीचाच प्रस्ताव पाठवायचा ठरवलं. एक फाइल, एक काम.

इथे क्लबमधल्या एका पालकाने, जे स्वतः कचेरीत नोकरीला आहेत, सगळ्यात उपयोगी सल्ला दिला: दोघी बहिणींचे प्रस्ताव एकत्र पाठवा. थोरलीला दुरुस्तीतून काहीच मिळणार नव्हतं, उलट वय वाढणार होतं. पण दोन्ही प्रस्ताव शेजारी ठेवले की चूक आपोआप उघडी पडत होती. एकाच आईच्या दोन मुली, शाळेच्या रजिस्टरमध्ये एकाच दिवशी जन्मलेल्या. जन्मनोंदी मात्र दोन, दोन वेगळ्या गावच्या, दीड वर्षाच्या अंतराने, दोन्ही वेळच्या वेळी झालेल्या. शाळेची तारीख खरी मानायची तर त्या जुळ्या असायला हव्यात, आणि जुळ्यांची नोंद कुठेच नव्हती. जी गोष्ट इतकी वर्षं कुणाला खटकली नव्हती, तीच आता पुरावा झाली. एकीचं वय कमी होत होतं आणि दुसरीचं वाढत होतं, यामुळे हेतूबद्दलचा संशयही बराच विरला.

प्रस्ताव एकदा त्रुटी काढून परत आला. नावातला तो एका अक्षराचा फरक. प्रतिज्ञापत्राची प्रत जोडून पुन्हा गेला आणि परीक्षा मंडळाच्या प्री-लिस्टमध्ये, म्हणजे परीक्षेआधी तपासायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या यादीत, दुरुस्ती करायच्या मुदतीत मंजूर झाला.

या सगळ्यात निवड चाचणी होऊन गेली. राज्य संघटनेकडून पत्राला तोवर उत्तर आलं नव्हतं. चाचणीच्या आदल्या रात्री सहप्रशिक्षकांनी सरांना फोन करून सांगितलं, पोरीला घेऊन जाऊ, दोन्ही कागद पुढे ठेवू, खेळू द्यायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. सर पत्रातल्या शब्दावर अडून बसले. मुलीला घरी कुणी विचारलं नाही. तिने त्या दिवशी एकटीने मैदानावर जाऊन भिंतीवर चेंडू मारला असं तिची बहीण सांगते. मुलगी स्वतः त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

निष्पत्ती

दहावीच्या गुणपत्रिकेवर खरी तारीख आली. ती दाखवून आधार दुरुस्त झाला. आधारमध्ये जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, त्यामुळे शाळेआधी आधार बदलायची घाई केली नाही ते बरं झालं. राज्य संघटनेने उन्हाळ्यात क्लबला आणि आईला बोलावलं. तिथे सगळ्यात जास्त वेळ दोन गोष्टींवर गेला: जन्मनोंदणीची तारीख, आणि चाचणीच्या आधीचं क्लबचं पत्र. नोंदणी जन्माच्या आठवड्यातली, म्हणजे फुटबॉलचा कुणाला विचारही नव्हता तेव्हाची. पत्र निवडीच्या आधीचं. एक्स-रे काढून घेतला. तो अपेक्षेप्रमाणे पक्वतेच्या जवळ आला आणि कुठल्याच बाजूने बोलला नाही. महासंघाच्या नोंदणीतली तारीख बदलली.

पुढच्या हंगामात मुलगी राज्याच्या संघात आली. तिथून राष्ट्रीय शिबिराच्या संभाव्य यादीत. शिबिराआधी पासपोर्ट करावा लागला, आणि सगळे कागद एका तारखेचे असल्यामुळे ते काम बिनबोभाट झालं. पहिल्याच कपातीत ती परत आली. प्रशिक्षकांनी कारण सरळ सांगितलं: वेग आहे, पण दबावाखाली पहिला स्पर्श लांब जातो, आणि बचावात परत यायची सवय नाही. ज्या मुली तिच्या जागी राहिल्या त्या एक वर्ष आधीपासून शिबिरांत होत्या. हुकलेल्या वर्षाचा हिशोब इथे लागला की नाही, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. सर म्हणतात, लागला. मला वाटतं पहिला स्पर्श कुठल्याही वर्षी लांबच गेला असता, त्यावर सोलापुरात कुणी काम घेतलं नव्हतं. खडकाळ मैदानावर चेंडू कसाही उडतो, आणि मुली तो थांबवण्यापेक्षा पुढे ढकलून पळायला शिकतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये बिश्केकला भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानला २-१ ने हरवलं आणि चीनमधल्या २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. यजमानपदाच्या कुबड्या न घेता, पात्रता फेरी खेळून. क्लबमध्ये त्या सामन्याची बरीच चर्चा झाली.

थोरलीचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. तिचं वय दहा महिन्यांनी वाढलं, मतदार यादीत नाव लवकर येणार, आणि कन्याविषयक एका योजनेच्या अर्जात तारीख जुळेना म्हणून तिला दोन चकरा जास्त पडल्या. बहिणीसाठी केलं, म्हणते.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात पहिला क्षण सातवीतला. नोंदणीसाठी बोनाफाईड घेताना सोबत जन्मदाखला मागितला असता तर दोन तारखा तेव्हाच दिसल्या असत्या, कुठलीही निवड जवळ नसताना. दुरुस्ती तीच झाली असती, पण तिला संशयाचा वास आला नसता. वयाच्या प्रकरणात कागद खरा असून भागत नाही, तो फायद्याच्या आधीचा असावा लागतो. बारा वर्षांच्या मुलीची दुरुस्ती ही कारकुनी, पंधरा वर्षांच्या निवडलेल्या मुलीची दुरुस्ती ही चौकशी.

दुसरा क्षण चाचणीचा, आणि इथे माझं सरांशी मत जुळत नाही. पत्रात “उतरवणार नाही” हे वाक्य लिहायची गरज नव्हती. चाचणीत दिसणं आणि स्पर्धेत खेळणं यांत फरक आहे. वय लपवून चाचणी देणं गैर. वयाचा वाद उघड सांगून चाचणीला हजर राहणं गैर नाही. फार तर तिथून परत पाठवलं असतं. निवड करणाऱ्यांनी तिला एक वर्ष आधी पाहिलं असतं, आणि निर्णय नंतर तिच्या बाजूने लागल्यावर बोलावणं सोपं गेलं असतं. सरांचं उत्तर असं: एकदा मैदानावर चमकली असती तर समोरच्या क्लबांनी ओरड केली असती, आणि मग तो दाखला कुणी शांतपणे वाचला नसता. यावर आमचं अजून एकमत नाही. मुलीला विचारायला हवं होतं, एवढ्यावर मात्र दोघेही येतो.

तिसरी गोष्ट मुख्याध्यापकांच्या त्या पहिल्या भूमिकेची. धाकटीची एकटीची फाइल गेली असती तर कदाचित नामंजूर झाली असती, कारण एकट्या फाइलमध्ये ती हुबेहूब वयचोरीचं प्रकरण दिसत होती. बहिणीची फाइल जोडायची कल्पना योगायोगाने आली. ज्याला बहीण नाही, किंवा जिची बहीण शाळेतच गेली नाही, तिने काय करायचं, हा प्रश्न या प्रकरणातून सुटत नाही.

क्लबने आता नियम केला आहे: दहा-बारा वर्षांच्या मुलीला घेतानाच नोंदणीच्या तारखेसह जन्मदाखला बघायचा, त्यात नावाचा रकाना भरलेला आहे का ते बघायचं, आणि शाळेची तारीख जुळत नसेल तर दहावीच्या खूप आधी मुख्याध्यापकांना गाठायचं. या जूनमध्ये तपासलं तेव्हा १ जूनच्या आणखी मुली निघाल्या. बहुतेकींचे दाखले आहेत. एकीचा जन्म ऊसतोडीच्या हंगामात, पालावर झाला, नोंदच नाही. तिच्यासाठी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाचा अर्ज केला आहे, फाइल अजून तहसीलमध्ये आहे. ती अकरा वर्षांची आहे आणि गोलकीपर आहे.